चार ते पाच

माझा नवरा चांगला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी ना कोणी म्हणणारच, "अगं, एवढा देवमाणूस, आणि तू त्याच्यावर चिडतेस?" दारू नाही, तंबाखू नाही, हात उचलणं नाही, आवाज चढवणंसुद्धा नाही. अंबरनाथच्या आमच्या बुवापाड्याच्या गल्लीत बायका आपापल्या नवऱ्यांना ह्यांचं उदाहरण देतात. चांगल्या नवऱ्यावर चिडायला बाईला जागाच नसते, हीच तर माझी पहिली तक्रार आहे. वाईट नवरा असला की निदान चार जणी आपल्या बाजूने बोलतात.

भांडण एका तासाचं होतं. दुपारी चार ते पाच.

हे आनंदनगरच्या एमआयडीसीत, रबराची गॅस्केटं बनवणाऱ्या एका कंपनीत मोल्डिंग मशीनवर आहेत. फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात ते साडेतीन. चारच्या ठोक्याला घरी. हातपाय धुवायचे, चहा घ्यायचा आणि पंख्याखाली आडवं व्हायचं, हा बारा वर्षांचा नेम. पाच वाजता नळाला पाणी यायचं, मी हंडे काढायची, त्या आवाजाने हे उठायचे. मुलगी बारावीला, तिचा क्लास उल्हासनगरला, ती सहाशिवाय उगवायची नाही. सकाळ डब्यांत आणि धुण्यात जायची. दहा ते चार मी जीन्सची धागा कटिंग करायची. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या कारखान्यातून शिवलेल्या पँटींचे बंडल टेम्पोने घरी येतात, त्यांचे लोंबणारे धागे कात्रीने काढून द्यायचे. पाचनंतर पाणी, स्वयंपाक, भांडी. दिवसभरात चार ते पाच एवढा एकच तास असा होता की कोणाला माझ्याकडून काही नको असायचं. कारण ज्याला हवं असायचं तो घोरत असायचा.

त्या तासात मी दहावीचा अभ्यास करायची.

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी दहावी कशाला, तर त्यालाही कारण रागच. मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाला गेले होते. फॉर्मवर 'आईचे शिक्षण' असा रकाना होता. मी नववी लिहिलं. खिडकीतल्या क्लार्कने वर न बघता विचारलं, "दहावी नापास का?"

"नाही. दहावीला बसलेच नाही."

"एकच ते," तो म्हणाला आणि काहीतरी टाइप करून मोकळा झाला.

एकच कसं? आमचं गाव बदलापूरच्या मागे, डोंगराच्या अंगाला. गावात शाळा सातवीपर्यंत, पुढची बदलापुरात. मी आणि आमच्या आळीतली एक मुलगी, दोघी रोज चालत जायचो. नववीची परीक्षा झाली आणि तिचं लग्न ठरलं. माझे वडील म्हणाले, एकटी पोरगी त्या रस्त्याने जायची नाही. रस्ता तोच होता, दोन वर्षं मी त्याच रस्त्याने गेले होते, गणितात वर्गात दुसरी होते. आई भात निवडता निवडता म्हणाली, "नववी म्हंजे लय झाली गो. सही करता येते ना?" मी नापास झाले नव्हते. मला परीक्षेपर्यंत जाऊच दिलं नव्हतं. आणि हा माणूस म्हणतो, एकच ते. मुलगी शेजारी उभी होती. तिने ऐकलं आणि मान खाली घातली, ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढच्या वर्षी मुलीनेच सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं तर तो भरावा लागतो. माझा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या घरात पत्र्याच्या पेटीत निघाला, कोपरे कुरतडलेला. तिची दहावीची पुस्तकं माळ्यावर होतीच. समासात फुलं, मैत्रिणींची नावं आणि एका सरांचं फार वाईट चित्र. त्याच पुस्तकांवर मी सुरुवात केली.

ह्यांना सांगितलं का? सांगितलं. फॉर्म भरला त्या संध्याकाळीच सांगितलं. हे मोबाइल बघत होते. म्हणाले, "भर की. मी कधी कशाला नाही म्हटलंय का?" खरंच नव्हतं म्हटलं. हो म्हणतानाही ऐकलं नव्हतं, ते मला फार उशिरा कळलं.

दिवाळीपर्यंत सगळं सुरळीत चाललं. हे घोरायचे, मी वर्गसमीकरणं सोडवायची. मग कंपनीने एक ट्रेनर बोलावला.

कोट घातलेला, कानापासून तोंडापर्यंत माइकची काडी लावलेला तो माणूस मी नंतर पाहिला. पण त्याचं बोलणं त्याच्या आधीच आमच्या घरी राहायला आलं. रोज एक तास शिकण्यात गुंतवा, रोज एक तास नात्यांत गुंतवा, सहा महिन्यांत माणूस बदलून जातो, असं म्हणे. मशीनवरच्या सगळ्या माणसांना एकेक डायरी दिली. प्रत्येक पानावर दोन रकाने. 'आज मी काय शिकलो' आणि 'आज मी नात्याला काय दिले'. रोज भरायची, सकाळी सुपरवायझरला दाखवायची, त्याने सही करायची. ज्याची डायरी सगळ्यात चांगली, त्याचा कुटुंब मेळाव्यात सत्कार.

वाईट काय आहे त्यात? काही नाही. शिकावं, बोलावं, कोण नको म्हणतंय? माझं एवढंच विचारणं आहे की हे दोन तास आणायचे कुठून. कंपनीने साडेआठ तासांच्या शिफ्टमधली पाच मिनिटंही दिली नाहीत. महिन्यातून चार वेळा ओव्हरटाइमला थांबवतात, ते काही बंद केलं नाही. डायरी कंपनीची, वेळ मात्र तुमचा. एकाने म्हणे हात वर करून विचारलं होतं, "सर, टाइम नाही भेटत." तर ट्रेनर हसून म्हणाला, "दुपारी घरी जाऊन झोपता ना? त्यातून काढा."

झालं. हे झोपायचे बंद झाले.

पहिल्या दिवशी मला वाटलं, बरं नाही का काय. चहा झाला तरी आडवे होईनात. मी पुस्तक काढून बसले होते. हे समोर येऊन मांडी घालून बसले, मोबाइल बाजूला पालथा ठेवला आणि म्हणाले, "बोल."

"काय बोलू?"

"काहीही. आज तुझ्या दिवसातली सगळ्यात छान गोष्ट कोणती?"

वीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मी खरंच हरखले, खोटं कशाला बोलू? पुस्तक मिटून ठेवलं. काय बोललो आठवत नाही, पण पाच कधी वाजले कळलं नाही. उद्या वाचू, म्हटलं.

उद्याही हे बसले. परवाही बसले. ट्रेनरने प्रश्नांचा एक कागदच दिला होता. लहानपणी तुला काय आवडायचं? तुझा आवडता रंग कोणता? माझ्यात कोणता बदल झालेला तुला आवडेल? मी म्हटलं, "थोडी झोप काढत जा." हे खूप हसले आणि डायरीत लिहिलं, 'सौ. ला माझ्या तब्येतीची काळजी आहे.' प्रश्न संपले की स्वतः काय शिकले ते मला समजावून सांगायचे. सकाळी कंपनीच्या बसमध्ये व्हिडिओ बघायचे, तो दुपारी मला ऐकायला लागायचा. वेळेचं नियोजन कसं करावं, यावर ह्यांनी माझे दोन तास खाल्ले. दोन दिवस मिळून.

मी काही बोलले नाही असं नाही. एकदा म्हटलं, "या वेळेत मला जरा वाचायचं असतं." तर चेहरा असा पडला की बस. "माझ्याशी बोलणं तुला कंटाळवाणं होतं का?" मी पुस्तक मिटून ठेवलं. गल्लीत शेजारणीकडे बोलून बघितलं. तिचा नवरा घरात आला की फक्त मीठ कमी आहे एवढंच बोलतो. ती म्हणाली, "नशीब काढलंस बाई. माझा बसेल का असा? आणि तुला त्याचंही सुख बोचतंय." मग मीच चोर ठरले. घरात सुख बसलेलं आणि मी त्याच्या अंगावरून पलीकडे पुस्तकाकडे बघतेय.

डिसेंबर गेला, जानेवारी लागला. परीक्षा मार्चमध्ये. विज्ञानाचे तीन धडे उघडलेसुद्धा नव्हते. मुलगी म्हणाली, "आई, तू पप्पांना स्पष्ट सांग." तिचं बरोबर होतं. पण तिलाही बारावी होती, तिच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून मी म्हटलं, "मी बघते."

बघितलं ते असं. हात कामात असले तरी डोळे आणि तोंड रिकामे असतात. जीन्सच्या खिशाचं आतलं कापड पांढरं असतं. आमच्याकडे टेलरचा निळा खडू असतो, डाग दाखवायला. मी बंडल सोडलं की पहिल्या पँटीचा डावा खिसा बाहेर काढून त्यावर प्रश्न लिहायची, उजव्यावर उत्तर. मग धागे काढता काढता पाठ करायची. दुसऱ्या पँटीवर दुसरा. चोवीस पँटींचं बंडल, म्हणजे चोवीस प्रश्न. शेवटची पँट झाली की पुन्हा पहिलीपासून खिसे उलटून बघायचे, आठवतंय का. मग गठ्ठा बांधायचा. खडू धुलाईत निघून जायचा. ज्याने कोणी त्या पँटी घातल्या असतील त्याला कुठे माहीत की त्याच्या खिशात ओहमचा नियम होता.

एक दिवस खडूचा तुकडा संपला. मी मुलीचं बॉलपेन घेतलं. त्या क्षणी मला एवढंच दिसत होतं की 'बीजगणित, प्रकरण दोन' आज संपलं पाहिजे. पेन धुलाईत निघत नाही, हे मला माहीत नव्हतं का? पंधरा वर्षं धागा काढतेय. पण पाठांतराच्या नादात चोवीसच्या चोवीस पँटी रंगवल्या आणि गठ्ठा बांधून टेम्पोत दिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन. "तुरंत आओ."

शेअर रिक्षाने कॅम्प तीनला गेले. बाजाराच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर कारखाना. शेठ भला माणूस आहे, पण तिथे खरा हुकूम चालतो त्याच्या आईचा. सत्तरी ओलांडलेली सिंधी बाई, सगळे तिला अम्मा म्हणतात. खिडकीपाशी चेकिंगच्या टेबलावर बसते आणि तिच्या नजरेतून टाका सुटत नाही. तिच्यासमोर माझ्या पँटी पडल्या होत्या, खिसे जिभेसारखे बाहेर काढलेल्या.

"ये क्या है?" तिने चष्मा वर केला. "ए का स्क्वेअर, बी का स्क्वेअर. पँट है कि कापी है?"

मी माफी मागितली. खडू समजून पेन लागलं, असं काहीतरी बोलले.

"खडू समझ के? चौबीस बार?"

मग खरं सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "घर में जगा नहीं है पढ़ने की?"

"जागा आहे अम्मा. टाइम नहीं है. चार से पाँच था, अभी मेरा आदमी बैठता है बात करने को. रोज एक घंटा."

"अच्छा आदमी है?"

"अच्छा है."

"वही तो," अम्मा म्हणाली. "मेरावाला भी अच्छा था. बयालीस साल रोज शाम को बैठ के मेरे को दुनिया समझाता था. मैं मुंडी हिलाती थी. वो गया तो मेरे को मालूम पड़ा, मैंने उसको एक बात नहीं बताई कभी." मग लगेच टेबलावर हात आपटून म्हणाली, "चल, आल्टर में बैठ. पार्टी को ऐसा माल नहीं जाएगा."

आल्टर म्हणजे बिघडलेला माल पुन्हा नीट करणं, आणि ज्याने बिघडवला त्यानेच. अठ्ठेचाळीस खिसे उसवायचे आणि नवीन कापड लावून द्यायचे. सलग तीन दिवस मी सकाळी दहाला तिथे जाऊन बसले आणि तीनला उठले. सवलत नाही, दया नाही, आणि मला ती नकोही होती, चूक माझी होती. पण टाके उसवताना डोळ्यांत पाणी येत होतं ते त्या चुकीबद्दल नव्हतं. मी परीक्षेचा अभ्यास चोरासारखा परक्या माणसांच्या खिशात करत होते, याचं होतं. माझ्या घरात, माझ्या पंख्याखाली, माझ्याच तासात मला उघडपणे पुस्तक धरता येत नव्हतं. कशामुळे? तर नवरा माझ्यावर प्रेम करत होता म्हणून.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. खिशांवर अभ्यास लिहिला, पकडले गेले, आल्टर लागलं. हे पोट धरून हसले. "अगं, घरात वह्या नाहीत का? पोरीची गणितं खिशावर कशाला सोडवतेस?" आणि डायरी ओढून लिहायला लागले. मी वाकून बघितलं. 'घरात एकत्र हसल्याने नाते घट्ट होते.' एकत्र कोण हसलं होतं? मी तर सुई गेलेलं बोट चोखत उभी होते.

पोरीची गणितं. तिथेच मला कळायला हवं होतं.

कुटुंब मेळावा मार्चमधल्या एका रविवारी होता. सोमवारी माझा बीजगणिताचा पेपर. मी म्हटलं, मी येत नाही. हे म्हणाले, "असं कसं? डायरीत माझा पहिला नंबर आहे. तू नसलीस तर सत्कार कसला?" आणि माझी जांभळी साडी स्वतः इस्त्री करून ठेवली. साडी बघून माझा निर्धार ढिला पडला. माझ्या स्वभावात हा दोषच आहे, चांगुलपणा समोर आला की मी गुडघे टेकते.

अंबरनाथचाच एक लग्नाचा हॉल. खुर्च्यांना पांढरे अभ्रे, मागे समोशांचा वास. ट्रेनरने आम्हा दोघांना स्टेजवर बोलावलं. तो इकडून तिकडे फिरत बोलत होता. "चार महिने या माणसाने एकही दिवस चुकवला नाही! रोज एक तास बायकोसाठी! आता बघूया, त्या एका तासात यांनी काय कमावलं." मग मला एका बाजूला उभं केलं, ह्यांना दुसऱ्या, आणि प्रश्न सुरू.

"मिसेसचा आवडता रंग?"

"जांभळा."

"आवडता पदार्थ?"

"वालाचं बिरडं. तिच्या आईच्या हातचं."

"लहानपणीची मैत्रीण?"

ह्यांनी तिचं नाव घेतलं. बदलापूरच्या रस्त्यावर माझ्याबरोबर चालणाऱ्या मुलीचं. मीच सांगितलं होतं, त्या पहिल्या दिवशी, हरखून. ते लक्षात ठेवलं होतं. टाळ्या पडत होत्या. माझा राग क्षणभर पार विरघळला, वाटलं, मीच कोती आहे.

"आणि शेवटचा प्रश्न. तुमच्या मिसेसचं स्वप्न काय आहे?"

हे एक सेकंदही थांबले नाहीत. "बदलापूरला स्वतःचा टू बीएचके."

हॉलने टाळ्या वाजवल्या. ट्रेनर माझ्याकडे आला, माइक माझ्या ओठांना लागेल इतका पुढे केला आणि म्हणाला, "बरोबर, मॅडम?"

टू बीएचके हे ह्यांचं स्वप्न. रविवारी बदलापूरला जाऊन सॅम्पल फ्लॅट बघत कोण फिरतं? ते. मी बाहेर सावलीत उभी असते. समोर दोनशे माणसं, बाजूला हे, चेहरा उजळलेला. तोंडापुढे माइक. बोलायला यापेक्षा चांगली जागा मला जन्मात मिळाली नसती.

मी म्हणाले, "हो."

चार महिने मी कंपनीवर चिडले, ट्रेनरवर चिडले, ह्यांच्यावर चिडले. त्या 'हो'बद्दल मी स्वतःवर जेवढी चिडले तेवढी कोणावरच नाही. शाल अंगावर घेतली, नारळ घेतला, फोटोला हसले.

परतताना रिक्षात हे नारळ मांडीवर घेऊन बसले होते. म्हणाले, "सगळं बरोबर आलं, बघितलंस?"

मी म्हटलं, "उद्या माझा बीजगणिताचा पेपर आहे."

"कसला पेपर?"

रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं. कसला पेपर. मराठीचा झाला होता, इंग्रजीचा झाला होता, घरी आल्यावर मी ह्यांच्यासमोरच चप्पल काढली होती. ह्यांनी विचारलं होतं, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं होतं, "शाळेत." ह्यांना वाटलं होतं, मुलीच्या कामाला. हॉल तिकीट टीव्हीशेजारी लावलेलं होतं, माझ्या फोटोसकट.

"दहावीचा," मी म्हटलं. "मी दहावीला बसलेय. तुम्ही चार महिने रोज माझ्यासमोर बसलात आणि तुम्हाला हे माहीत नाही?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. नाटक नव्हतं, खरंच धक्का बसला होता. मग हे म्हणाले, "अगं, मग सांगायचं ना."

सांगायचं ना! या दोन शब्दांवर किती बायकांनी दात आवळले असतील. मी फॉर्म भरला तेव्हा सांगितलं. वाचायचंय म्हणून सांगितलं. खिशांचं सांगितलं, त्यावर तुम्ही हसलात. तुमच्या कागदावर बावीस प्रश्न होते, मी मोजलेत. रंग होता, पदार्थ होता. सध्या तू काय करतेस, हा नव्हता. आणि जे कागदावर नव्हतं ते मी बोलले तरी तुमच्या कानात शिरलं नाही. हे सगळं मी रिक्षात मोठ्याने बोलले. रिक्षावाला बिचारा खड्डे चुकवायचंही विसरला.

त्या संध्याकाळी घरात टीव्ही लागला नाही. ह्यांनी चहा केला, साखरेच्या पाकासारखा गोड, आणि माझ्यासमोर ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी पुस्तक उघडलं. प्रकरण दोन सगळं येत होतं. अठ्ठेचाळीस खिसे एकेक करून उसवताना प्रत्येक ओळ मी पुन्हा वाचली होती, सुईच्या टोकाने. सोमवारी पेपर दिला. शेजारच्या बाकावरच्या मुलीने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही सुपरवायझर आहात का?" मी म्हटलं, "नाही, मी तुझ्याच इयत्तेत आहे." पुढे निकालात बीजगणितानेच मला तारलं, विज्ञानात कशीबशी काठावर पास. पण ते जूनमधलं.

बुधवारी भूमितीचा पेपर होता. मंगळवारी दुपारी ह्यांचा डबा बॅगेतून काढताना डायरी हाताला लागली. हे मोरीत हातपाय धूत होते. मी सोमवारचं पान उघडलं.

'आज मी काय शिकलो' खाली लिहिलं होतं, 'जोडीदाराचे स्वप्न ओळखणे.' आणि 'आज मी नात्याला काय दिले' खाली, 'सौ. ला दहावीच्या परीक्षेसाठी प्रोत्साहन दिले. गृहिणीसुद्धा शिकू शकते हे दाखवून दिले.' त्याखाली लाल पेनाने सुपरवायझरची सही आणि शेरा. 'व्हेरी गुड. इतरांनी आदर्श घ्यावा.'

आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या ह्याच. माझा सतरा नंबरचा फॉर्म, माझे खिसे, माझी सुई, माझा पेपर, सगळं ह्यांच्या प्रगतीत लागलं. दाखवून दिलं म्हणे! कोणी? चार वाजायला पाच मिनिटं बाकी असताना पुस्तक बाजेखाली ढकलणारी कोण होती?

माझ्या कंपासमध्ये बॉलपेन होतं. तेच, न निघणारं. मी सुपरवायझरच्या शेऱ्याखाली लिहिलं, 'हे खोटं आहे. प्रोत्साहन कोणी दिलं नाही. चार ते पाच हा वेळ घेतला होता, तो परत द्यावा.' खाली पूर्ण सही केली, नाव, वडिलांचं नाव, आडनाव, दाखल्यावर आहे तशी. हॉल तिकिटावर केलेली होती, त्यामुळे हात बसला होता.

हे पुसत पुसत आले. डायरी उघडी बघून वाचली. दोनदा वाचली. बोटाने पुसून बघितली.

"अगं," हे म्हणाले, "उद्या हे साहेबांना कसं दाखवू?"

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी भूमितीचं पुस्तक आणि पट्टी उचलली.

"तुमच्याकडे पाचपर्यंत वेळ आहे," मी म्हटलं. "बसा त्यावर विचार करत." आणि आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी लावली.